डॅटसन : दोनदा मावळलेले नाव आणि मागे राहिलेले मालक

एप्रिल २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या ओरगडम येथील कारखान्यातून ‘रेडी-गो’ या छोट्या मोटारीचे उत्पादन थांबल्याचे निसान इंडियाने जाहीर केले आणि डॅटसन हे नाव जगाच्या बाजारातून दुसऱ्यांदा नाहीसे झाले. पहिल्यांदा ते १९८० च्या दशकात पुसले गेले होते. त्या वेळी अमेरिकेत या नावाच्या मोटारी जोरात खपत होत्या. दुसऱ्यांदा मात्र त्या खपत नव्हत्या. दोन्ही वेळा निर्णय एकाच कंपनीने घेतला आणि दोन्ही वेळा रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाड्यांचे मालक मागे उरले. अमेरिकेतील मालकांनी त्या नावाला जवळजवळ दंतकथेचे रूप दिले. भारतातील मालकांपुढे सुट्या भागांचा आणि पुनर्विक्रीच्या किमतीचा प्रश्न उभा राहिला.

भारतात खासगी मोटारीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांसाठी ग्राह्य असते. म्हणजे २०१४ मध्ये घेतलेली पहिली ‘गो’ २०२९ पर्यंत, तर २०२२ मध्ये घेतलेली शेवटची ‘रेडी-गो’ २०३७ पर्यंत कायदेशीररीत्या रस्त्यावर राहू शकते. बाजारातून नाव जाणे आणि रस्त्यावरून गाडी जाणे यांत एवढे अंतर आहे.

या नावाची कथा निसानपेक्षाही जुनी आहे. मासुजिरो हाशिमोतो या अभियंत्याने १९११ मध्ये टोकियोत ‘क्वाइशिन्शा’ नावाचा मोटार कारखाना सुरू केला. १९१४ मध्ये तेथे तयार झालेल्या गाडीला ‘डॅट’ हे नाव मिळाले. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन पाठीराख्यांच्या आडनावांची ती आद्याक्षरे होती. योगायोगाने जपानी भाषेत जोरात पळणाऱ्या सशासाठीही याच्याशी जुळणारा शब्द आहे. पुढे कंपन्यांचे विलीनीकरण झाले. पाचशे घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीला चालक परवाना लागणार नाही, असा नियम जपान सरकारने केला आणि १९३१ मध्ये ४९५ घनसेंटिमीटरची एक छोटी गाडी आकाराला आली. डॅटचे अपत्य म्हणून तिचे नाव ‘डॅटसन’ ठेवण्यात आले. त्यातील ‘सन’ हा मुलगा या अर्थाचा इंग्रजी शब्द होता, पण जपानीत त्याचा ध्वनी नुकसान किंवा तोटा या अर्थाच्या शब्दाशी जुळत होता. व्यापाराच्या वस्तूला असे नाव कसे चालणार? म्हणून लगेचच इंग्रजी स्पेलिंगमधील एक अक्षर बदलून मुलाच्या जागी सूर्य बसवण्यात आला. मराठीत दोन्ही नावे सारखीच लिहावी लागतात, त्यामुळे ही गंमत आपल्या लिपीत हरवते.

उद्योगपती योशिसुके आयुकावा यांनी हा व्यवसाय ताब्यात घेतला. डिसेंबर १९३३ मध्ये योकोहामा येथे नवी कंपनी स्थापन झाली आणि जून १९३४ मध्ये तिचे नाव निसान मोटर झाले. निसान हे कंपनीचे नाव आणि डॅटसन हे तिच्या छोट्या गाड्यांचे, अशी वाटणी पुढे जवळपास पन्नास वर्षे टिकली. युद्धात छोट्या मोटारींचे उत्पादन मागे पडले. युद्धानंतर १९५२ मध्ये निसानने ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि परवान्याखाली ऑस्टिनच्या गाड्या जोडता जोडता मोटार बांधण्याची आधुनिक पद्धत आत्मसात केली.

१९५८ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाभोवतीच्या खडतर मोबिलगॅस शर्यतीत डॅटसन २१० या दोन गाड्या उतरल्या. एकीचे नाव ‘फुजी’, दुसरीचे ‘साकुरा’. फुजीने आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला. या पथकाचे प्रमुख युताका काटायामा पुढे १९६० मध्ये अमेरिकेत गेले आणि तेथील मोटारप्रेमींत ‘मिस्टर के’ म्हणून ओळखले जाऊ लागले. अमेरिकेतली सुरुवात मात्र अवघड होती. जेमतेम ३७ अश्वशक्तीची २१० तेथील महामार्गांवर दमत असे, थंडीत ती लवकर सुरू होत नसे आणि ब्रेकही त्या वेगाला पुरेसे नव्हते. ग्राहकांच्या या तक्रारी काटायामा यांनी योकोहामाला पाठवल्या आणि त्यांचा पाठपुरावा केला. डॅटसनचे पुढचे यश पाहता, कारखान्यातील कोणत्याही शोधापेक्षा या तक्रारींचा वाटा मोठा होता, असे म्हणण्यास जागा आहे.

१९६७ मध्ये आलेल्या ५१० मध्ये त्याचा परिणाम दिसला. १.६ लिटरचे इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि युरोपीय गाड्यांहून बरीच कमी किंमत. पाठोपाठ १९६९ च्या अखेरीस २४०झेड आली. सहा सिलिंडरचे २.४ लिटर इंजिन असलेली ही दोन आसनी गाडी अमेरिकेत ३,५२६ डॉलरना मिळत होती. जपानमध्ये या गाडीचे नाव ‘फेअरलेडी’ होते. अमेरिकन ग्राहकाला ते रुचणार नाही म्हणून काटायामा यांनी बंदरात उतरलेल्या गाड्यांवरील नावाच्या पट्ट्या काढून तेथे २४०झेड असे लावले, हा किस्सा आजही आवडीने सांगितला जातो. पहिल्या पिढीच्या पाच लाखांहून अधिक झेड गाड्या विकल्या गेल्या.

पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅलीने या गाड्यांच्या टिकाऊपणावर शिक्कामोर्तब केले. धूळ, चिखल आणि दगडगोट्यांच्या त्या शर्यतीत १९७० मध्ये १६०० एसएसएस, १९७१ आणि १९७३ मध्ये २४०झेड विजयी झाल्या. १९७३ चे विजेते शेखर मेहता हे युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे चालक होते. इदी अमीन यांच्या राजवटीने आशियाई रहिवाशांना देशाबाहेर घालवल्यानंतर केनिया ही त्यांची कर्मभूमी झाली. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे त्यांनी याच घराण्याच्या गाड्यांतून सफारी रॅली जिंकली. पाच विजयांचा हा मानकरी भारतीय वाचकांना फारसा परिचित नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

जुन्या डॅटसनच्या मालकांना विचारले तर इंजिनाबद्दल कौतुक आणि पत्र्याबद्दल हताशा, असे दुहेरी उत्तर मिळते. इंजिने वर्षानुवर्षे चालत, दुरुस्तीला सोपी असत, पण पत्रा गंजत असे. झेड गाड्यांत बॅटरीखालचा भाग, तळाचा पत्रा आणि चाकांवरील कमानी आधी जात. आजही जुनी २४०झेड विकत घेताना जाणकार इंजिनाआधी गाडीखाली वाकून पाहतो. एवढे असूनही त्या गाड्यांवरील माया कमी झाली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर खुद्द निसानने अमेरिकेत काही जुन्या २४०झेड गोळा करून नव्यासारख्या केल्या आणि आपल्या विक्री केंद्रांतून पुन्हा विकल्या. जे नाव कंपनीने मागे टाकले होते, तेच त्या गाड्यांवर झळकत होते.

ते नाव टाकण्याचा निर्णय १९८१ मध्ये झाला. जगभर निसान हे एकच नाव असावे, असे टोकियोतील वरिष्ठांना वाटत होते. सुरुवातीला ‘डॅटसन बाय निसान’ आणि मग नुसते निसान, असा बदल १९८६ पर्यंत पूर्ण झाला. अमेरिकेतील सुमारे १,१०० विक्री केंद्रांच्या पाट्या, जाहिराती आणि इतर बाबी धरून हा खर्च ५० कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. काटायामा यांना त्याआधीच, १९७७ मध्ये जपानला परत बोलावण्यात आले होते. अमेरिकेतील ‘ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम’ने १९९८ मध्ये त्यांचा गौरव केला. २०१५ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारताचा या घराण्याशी संबंध ‘गो’पासून सुरू झाला असे अनेकांना वाटते, पण तो त्याहून जुना आहे. भारतीय सैन्याची ‘जोंगा’ ही निसान पॅट्रोलवर आधारलेली गाडी जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६० च्या दशकापासून बनत होती. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८० च्या दशकाच्या मध्यावर आणलेल्या ११८ एनई या गाडीचा सांगाडा फियाट घराण्यातला, पण इंजिन निसानचे ए१२ होते. हेच इंजिन एकेकाळी डॅटसन १२०० मध्ये धावत असे. पद्मिनीच्या मानाने चपळ असलेल्या ११८ एनईचे कौतुक करणारे कित्येक मुंबईकर नकळत डॅटसनचीच तारीफ करत होते.

मार्च २०१२ मध्ये निसानचे तत्कालीन प्रमुख कार्लोस घोस्न यांनी जकार्ता येथे डॅटसनचे पुनरागमन जाहीर केले. पहिली गाडी विकत घेणारा मध्यमवर्ग डोळ्यांसमोर ठेवून भारत, इंडोनेशिया आणि रशिया या बाजारपेठा निवडण्यात आल्या. दक्षिण आफ्रिकेची भर नंतर पडली. १५ जुलै २०१३ रोजी दिल्लीलगतच्या गुडगावमध्ये ‘गो’वरील पडदा उघडला आणि मार्च २०१४ मध्ये ती ३.१२ लाख रुपयांच्या प्रारंभिक किमतीला विक्रीस आली.

गाडी प्रशस्त होती. मायक्राच्याच कुळातील १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन वजनाने हलक्या सांगाड्याला सहज ओढत असे. ज्यांनी ती वापरली ते आजही इंजिनाचा जोर, ॲव्हरेज, मागच्या आसनावरील जागा आणि गल्लीबोळांत सहज वळणे यांची तारीफ करतात. काटकसर मात्र लपलेली नव्हती. पुढच्या दोन आसनांमधली फट गादीने भरलेली, गिअरचा दांडा आणि ओढायचा हॅन्डब्रेक डॅशबोर्डला टेकलेले, समोर एकच वायपर आणि संगीतासाठी स्वतःचा मोबाइल अडकवण्याची खाच. दार लावताना येणारा पातळ आवाज, इंजिनाची थरथर आणि वेगात आत शिरणारा रस्त्याचा गोंगाट, या तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येत. जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या ‘गो प्लस’ने चार मीटरच्या आत आसनांची तिसरी रांग दिली. ती मुलांपुरतीच आहे, हे मालकांना पहिल्याच लग्नसराईत कळले.

खरा आघात नोव्हेंबर २०१४ मध्ये झाला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या धडक चाचणीत ‘गो’ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. सांगाडाच इतका कमकुवत आहे की एअरबॅग बसवूनही उपयोग होणार नाही, असे संस्थेने म्हटले. अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी घोस्न यांना पत्र लिहून गाडी बाजारातून मागे घेण्याचे आवाहन केले. गाडी भारतीय नियमांची पूर्तता करते, असे निसानचे उत्तर होते आणि ते खरेही होते, कारण त्या वेळी भारतात अशी धडक चाचणी बंधनकारकच नव्हती. नव्या मॉडेलसाठी ती ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाली. त्याच वेळी चाचणी झालेल्या भारतीय मारुती स्विफ्टलाही शून्यच तारे मिळाले होते. स्विफ्टच्या मागे मात्र वर्षानुवर्षांचा विश्वास आणि गावोगावची सेवा केंद्रे उभी होती. नव्याने आलेल्या डॅटसनच्या मागे असे काही नव्हते. २०१८ च्या नव्या रूपात दोन एअरबॅग आणि एबीएस सर्व प्रकारांत देण्यात आले, तोवर ग्राहकांचे मत बनून गेले होते.

जून २०१६ मध्ये २.३८ लाखांपासून आलेली ‘रेडी-गो’ अधिक विचारपूर्वक घडवलेली होती. रेनो क्विडच्याच पायावर उभी असलेली ही उंच गाडी १८५ मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्समुळे खड्ड्यांच्या रस्त्यांवर उपयोगी पडत असे. शहरात ती चालवणे सोपे होते, पेट्रोल बेताचे लागत असे. ८०० घनसेंटिमीटरचे इंजिन घाटात दमते, ही तक्रार २०१७ मध्ये आलेल्या एक लिटरच्या रूपाने काही प्रमाणात दूर केली. २०१९ च्या धडक चाचणीत तिला प्रौढांसाठी एक तारा मिळाला. भारतीय बाजारात २०१६ पर्यंत दहा टक्के वाटा मिळवण्याचे उद्दिष्ट निसानने ठेवले होते. प्रत्यक्षात तो दोन टक्क्यांच्या आसपास राहिला.

पुढची घसरण वेगाने झाली. घोस्न यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये टोकियोत अटक झाली. २०२० मध्ये निसानने खर्चकपातीची योजना जाहीर केली आणि त्याच वर्षात इंडोनेशिया व रशियातील डॅटसनचे उत्पादन संपले. भारत शेवटी उरला होता. विक्रीपश्चात सेवा, सुटे भाग आणि वॉरंटी यांची जबाबदारी आपण पार पाडत राहू, असे निसान इंडियाने उत्पादन थांबवताना सांगितले.

जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. त्या तुलनेत डॅटसनच्या मालकांची स्थिती थोडी बरी आहे, कारण मूळ कंपनी देशात आहे. ‘गो’चे इंजिन मायक्राशी आणि ‘रेडी-गो’चे क्विडशी जुळणारे असल्याने फिल्टर, पट्टे, ब्रेकचे भाग अशा नेहमीच्या वस्तूंची फारशी अडचण पडू नये. प्रश्न येतो तो दिवे, बंपर, दारे, काचा अशा केवळ याच गाड्यांसाठी बनलेल्या भागांचा. किरकोळ अपघातानंतर गाडी गॅरेजमध्ये किती दिवस अडकेल, हे बहुतेक वेळा याच भागांवर ठरते. जुन्या गाड्यांच्या बाजारात भाव पडलेला असल्याने अनेक मालक विकण्यापेक्षा वापरत राहणेच पसंत करतात. हाच पडलेला भाव पाहून काही नवशिके ती शिकण्यासाठी घेतात. अशा खरेदीदाराने जवळचे निसान सेवा केंद्र किती अंतरावर आहे, विम्याच्या कागदावर गाडीची किंमत किती लावली आहे आणि गाडीत एअरबॅग आहेत की नाहीत, या तीन गोष्टी व्यवहाराआधी पाहून घ्याव्यात. २०१८ पूर्वीच्या ‘गो’बाबत तिसरी गोष्ट सर्वांत आधी पाहावी.

ज्या ओरगडम कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या, त्यातील निसानचा हिस्सा रेनो विकत घेणार असल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. निसानच्या गाड्या तेथे कंत्राटी पद्धतीने बनत राहतील, असे दोन्ही कंपन्यांनी त्या वेळी सांगितले.