आनंदीबाईंना विचारलेले सहा प्रश्न



आज आपण १४० वर्षांमागच्या एका सभेत जाऊ. तारीख २४ फेब्रुवारी १८८३. गाव सेरामपूर. आपल्या नगरकडचं श्रीरामपूर नव्हे, हे बंगालातलं, कलकत्त्याजवळचं. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात एक मराठी मुलगी इंग्रजीत भाषण करायला उभी राहिली. अठरा पूर्ण व्हायला अजून महिनाभर बाकी होता. ती आनंदीबाई जोशी, माहेर कल्याणचं. डॉक्टरकी शिकायला ती अमेरिकेला निघाली होती, आणि त्यावरून गावात इतकी कुजबुज चालली होती की शेवटी तिनं लोकांना एकत्र बोलावून सगळ्यांच्या तोंडावर उत्तर द्यायचं ठरवलं.

लोक जे विचारत होते त्याचे तिनं सहा प्रश्न केले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि जे आजवर कोणत्या बाईनं केलं नाही ते तूच का करायचं?

आम्ही गटांच्या बैठका घेत वणी, घाटंजी, आर्णीकडे फिरतो. हल्ली एखादी पोरगी बाहेर देशात शिकायला जाईन म्हणते, तेव्हा बैठकीत काय विचारलं जातं? "यवतमाळात कॉलेज नाही काय?" "पोरगी एकटी कशी राहील जी?" "लग्नाचं काय?" "तिथं काही झालं तर कोण धावून जाईल?" शब्द वेगळे, प्रश्न तेच. म्हणून आनंदीबाईंची तयारी कशी झाली, ती कुठं पक्की होती आणि कुठं कच्ची राहिली, हे नीट बघू.

आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं. नवरा गोपाळराव, पोस्टात नोकरीला, वयानं वीसेक वर्षांनी मोठा, बिजवर. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. नीट औषधपाणी मिळालं असतं तर तो वाचला असता, असं तिला वाटत राहिलं. डॉक्टर व्हायचं मनात आलं ते तिथून.

गोपाळरावांविषयी सरळ बोललेलं बरं. बायकोला शिकवायचा त्यांना ध्यास होता, आणि त्यांच्याशिवाय आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या नसत्या. पण अभ्यासासाठी ते तिला मारत, आणि त्या मारहाणीचा उल्लेख तिच्या स्वतःच्या पत्रात आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिकवणारा नवरा म्हणून त्यांची आरती करावी असं आम्हाला वाटत नाही.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी एका अमेरिकन पाद्र्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. उत्तर आलं की आधी ख्रिस्ती व्हा. ते झाले नाहीत. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो वाचला. कुठं? दाताच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असताना! त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. मग पुढची दोनतीन वर्षं दोघींची पत्रं चालू राहिली. खाणंपिणं, सण, लग्नाच्या रीती, औषधं, मनातलं दुःख, सगळं त्यात असे. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. बोटीत पाय ठेवण्याआधी त्या देशात तिची एक मावशी तयार होती. आमच्या मते सगळ्या तयारीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच.

आता सेरामपूरच्या सभेतली उत्तरं. हिंदुस्थानातल्या बाया पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगायला लाजतात, म्हणून बाई डॉक्टर हवी, असं तिनं सांगितलं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून मुलींना घेत होते, पण इथं शिकणाऱ्या बाईला किती त्रास सोसावा लागतो तेही तिनं मांडलं. नवऱ्यासोबत नुसती रस्त्यानं चालली तरी लोक थांबून बघत आणि टोमणे मारत, हा तिचा रोजचा अनुभव होता. एकटी का, तर नवऱ्यावर घरच्या माणसांचा भार आहे आणि दोघांच्या प्रवासाला पैसे नाहीत. जातीचं विचाराल तर मी तिकडे इथल्यासारखीच राहीन, खाईन, नेसेन. हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच येईन. संकटाचं म्हणाल तर ते घरात बसलेल्यांवरही येतंच. पुन्हा वाचा बायांनो, एकटी का जातेस या प्रश्नाचं तिचं उत्तर खर्चाचं आहे. मोठाल्या गोष्टींच्या मध्ये तिनं घरचा हिशेब मांडला.

पैसा कसा जमला? वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. पोस्टखात्यातल्या मोठ्या इंग्रज साहेबानं तिच्यासाठी निधी उघडला, त्यात खुद्द व्हाइसरॉयनं वर्गणी दिली. तिकडे पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला तिनं अर्ज केला. प्रवेशासाठी लागतं तेवढं शिक्षण माझं झालेलं नाही, हे त्यात न लपवता लिहिलं आणि आपल्या देशातल्या बायांची गरज सांगितली. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी तिला घेतलं. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून बोटीत बसली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. कार्पेंटर मावशी धक्क्यावर घ्यायला आली होती.

कच्चं राहिलं ते शरीर. पत्रं, पैसे, प्रवेश, सोबत या सगळ्यांचा विचार झाला होता. पण निघण्याआधीपासूनच तिला डोकेदुखी, ताप, अशक्तपणा होता. शाकाहारी मुलगी बोटीवर बरेचदा बटाट्यावर दिवस काढत होती. फिलाडेल्फियाच्या बर्फात नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून पुढे ती गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागली. खोलीतली शेगडी धड पेटायची नाही, नुसता धूर. थंडी सोसत, स्वतःचं शिजवत, रात्ररात्र वाचत तिनं तीन वर्षं काढली. सभेत दिलेला शब्द तिनं मोडला नाही, आणि त्याची किंमत शरीरानं दिली असं आम्हाला वाटतं. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नोकरी ठरली. पण क्षयानं पोखरलेली आनंदी मायदेशी आली ती अंथरुणावर, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. एकविसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या बायांना ती डॉक्टरीण लाभलीच नाही.

यावर कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच पोरींना पाठवू नये. तर मग रखमाबाईंचं ऐका. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून ज्यांच्यावर १८८४ मध्ये मुंबईच्या कोर्टात खटला भरला गेला, त्या रखमाबाई. खटला मिटल्यावर कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची आणि इतरांच्या मदतीनं त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन १८९४ ला परतल्या, आणि सुरत व राजकोटला कितीतरी वर्षं बायांचे दवाखाने सांभाळले. १९५५ पर्यंत जगल्या. पुस्तकांत त्यांच्यावर खटल्याची पानं जास्त आणि दवाखान्याची कमी असतात, हे आम्हाला खटकतं.

आता कागदाची गोष्ट. ४ जून १९१३ ला बडोद्यात बाबासाहेब आंबेडकरांनी एका करारावर सही केली. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. चार महिन्यांपूर्वीच वडील रामजीबाबा वारले होते. घरी रमाई आणि काही महिन्यांचा यशवंत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून बाबासाहेब १९१६ ला लंडनला गेले. पण मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. करारातला शब्द पाळायला ते बडोद्याला गेले, तर महार म्हणून राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी सराईत राहिले, तिथूनही हाकललं गेलं. नोकरीची अट कागदावर होती. नोकरी करणाऱ्याला छप्पर मिळेल की नाही, ते कागदावर नव्हतं.

तरी त्यांनी लंडन सोडलं नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि शिक्षण पुरं केलं. या सगळ्या वर्षांत मुंबईच्या चाळीत चूल कशी पेटत होती, ते रमाईला ठाऊक. परदेशी शिक्षणाचा खर्च मोजताना घरी राहिलेल्या बाईचा वाटा कुणी वहीत लिहीत नाही. आपल्या गटाच्या वहीत तो लिहावा.

आणि आता आपल्या जिल्ह्यात. बांगड्या विकणं आणि वावर गहाण टाकणं हा पहिला उपाय नाही, हे घरोघरी सांगायला हवं. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी यवतमाळच्या समाजकल्याण कार्यालयात करा. गोंड, कोलाम, परधान आणि इतर आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची आहे. पांढरकवडा आणि पुसदच्या प्रकल्प कार्यालयांत विचारा. बंजारा व इतर विमुक्त-भटक्या आणि ओबीसी मुलांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्तांसोबत भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही जागा आहे. हे कितीतरी मजूर घरांना माहीतच नसतं.

जागा थोड्या असतात, अटी दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचायची. पण एक अट बहुतेक ठिकाणी सापडते. विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत वरच्या क्रमांकात हवं. इथंच घरं फसतात. आमच्या ओळखीच्या एका घरानं सोयाबीनचे पैसे आणि सावकाराचं कर्ज मिळून एका एजंटाच्या हातात ठेवले. पोरीला प्रवेशाचं पत्र मिळालं खरं, पण ते कॉलेज त्या यादीत कुठंच नव्हतं. शिष्यवृत्ती हुकली, एजंटाची फी परत आली नाही. म्हणून आधी यादी बघा, मग कॉलेज निवडा, मग अर्ज करा. एजंटाशिवाय अर्ज करता येतो; विद्यापीठं तो थेट घेतात.

गटाच्या कर्जातून परदेशातलं शिक्षण होणार नाही, ते मागूही नये आणि देऊही नये. पण पासपोर्टची फी, इंग्रजीच्या परीक्षेची फी, यवतमाळ-नागपूरच्या चकरा एवढ्याला गट पुरतो, आणि कितीदा एवढ्याशा रकमेपायीच पोरगी मागं राहते. जात पडताळणीला बरेच महिने लागतात, तो अर्ज अकरावी-बारावीतच टाका. उत्पन्नाचा दाखला लागतो. दहावीची सनद, जन्मदाखला, आधार आणि पासपोर्टवर नाव एकाच स्पेलिंगचं आहे का, हे आजच घरी जाऊन बघा. निघायच्या आधी पोरीची तब्येत दवाखान्यात नीट तपासून घ्या, रक्तही तपासा. आणि त्या गावात आपल्याकडचं कोण शिकतंय ते शोधून पोरीला आत्तापासून त्यांच्याशी फोनवर बोलू द्या.