दाराशी बसलेला कारकून

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांतून अजूनही एखादी जुनी पेटी निघते आणि तिच्या तळाशी कापडात गुंडाळलेले मोडी कागद सापडतात. ती सनद आहे, गहाणखत आहे की नुसता उधारीचा हिशेब, हे घरातील कोणालाही सांगता येत नाही. माझे पणजोबा धारच्या पवारांच्या दरबारी कारकून होते. त्यांच्या हातचे असे तीन कागद माझ्यापाशी आहेत; मला त्यांतील एक ओळही वाचता येत नाही.

त्या काळी मोडी हे कारभाराचे साधन होते. कागद झरझर लिहिता यावा म्हणून ती लिपी उपयोगी पडे; परंतु तीच लिपी न जाणणाऱ्यासाठी भिंतही ठरे. जमीन कसणाऱ्याला आपल्या शेताचा बांध ठाऊक असे. ते शेत कागदावर कोणाच्या नावे आहे, हे मात्र लिहिणारालाच ठाऊक असे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या भिंतीच्या आतील बाजूस होते, हे मान्य करूनच पुढील इतिहासाकडे पाहिले पाहिजे.

याच धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ ही योजना सुरू झाली. निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेल्या जिल्ह्यात गावोगावी संगणक असलेली ‘सूचनालये’ उघडली. गावातीलच शिकलेला तरुण ‘सूचक’ म्हणून ती चालवी. त्याला सरकारी पगार नव्हता, लोकांनी दिलेल्या शुल्कावर त्याचे भागे. मंडीतील भाव, खसऱ्याची नक्कल, जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज, बंद पडलेल्या हातपंपाची तक्रार अशी कामे तेथून होऊ लागली. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्ही शासकीय सेवेतील मंडळी त्या दिवसांत खरोखरच हरखून गेलो होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालणाऱ्या माणसाचा दिवसाचा रोज आणि बसभाडे वाचणार, ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे उत्साह ओसरला. वीज तासन्‌तास जाई, दूरध्वनीच्या तारा साथ देत नसत, आणि ज्यांच्यासाठी हे सारे मांडले ते भिल्ल-भिलाला कुटुंबांतील निरक्षर लोक, विशेषतः स्त्रिया, सूचनालयाची पायरी फारशी चढल्या नाहीत. ज्याच्याकडे विकायला शेतमाल होता त्याला भाव कळण्याचा लाभ झाला. ज्याच्याकडे केवळ मजुरी होती त्याला मंडीच्या भावाचे काय?

सप्टेंबर २०१० मध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली मध्य प्रदेशातील: लोकसेवा हमी कायदा अमलात आला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. दाखला ठरल्या मुदतीत न दिल्यास जबाबदार अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ लागला. दुसरी गोष्ट शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील: २९ सप्टेंबर रोजी टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्याच्यापाशी कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा त्यामागील हेतू. पहिल्या मार्गाने माणसावर जबाबदारी टाकली, दुसऱ्याने यंत्रावर विश्वास ठेवला.

यंत्रावरील विश्वासाची किंमत मी स्वतः पाहिली आहे. २०१४ च्या सुमारास एक वृद्ध भिल्ल मजूर पेन्शनसाठी माझ्या मेजापाशी आला. एका कागदावरील नावात एक मात्रा अधिक होती, दुसऱ्यावर नव्हती. दगड फोडून झिजलेल्या बोटांचे ठसेही यंत्र स्वीकारत नव्हते. “संगणक घेत नाही, बाबा,” असे सांगून मी अर्ज परत केला. तो तीन वेळा आला. चौथ्यांदा आला नाही. चौकशी करून शेरा मारण्याचा अधिकार मला होता. तो मी वापरला नाही, कारण नकार माझा नाही, यंत्राचा आहे, अशी सोयीची समजूत मी करून घेतली होती.

पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधारद्वारे लाभ देण्याची तरतूद कायम ठेवली. मात्र ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारता येणार नाही, हेही बजावले. तरीही मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा प्रथम ऑनलाइन नोंदणीच सक्तीची होती. शहरांतील तरुण मोबाइलवर वेळ मिळवून खेड्यांतील केंद्रांवर जात होते, आणि त्याच खेड्यांतील लोक बाहेर उभे होते. २४ मेपासून शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा द्यावी लागली.

या सर्वांतून मला एवढेच दिसते की, यंत्र आले म्हणून दाराशी बसलेला कारकून जात नाही. पूर्वी तो लिपी जाणणारा होता, आज तो पासवर्ड जाणणारा आहे. जेथे त्याला चूक दुरुस्त करण्याचा अधिकार आहे आणि न केल्यास जाब द्यावा लागतो, तेथे संगणकाने गरिबाचे हेलपाटे खरोखर वाचवले आहेत. जेथे तो “यंत्र घेत नाही” एवढे म्हणून मोकळा होतो, तेथे वंचिताला भांडायलाही समोर कोणी उरत नाही.

आपल्या सभेत निवृत्त कारभारी मंडळी पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक सकाळ एखाद्या लोकसेवा केंद्राबाहेर बसून लोकांचे अर्ज वाचून देणे आपल्याला अवघड नाही. मी गेल्या वर्षापासून जातो. पणजोबांचा मोडी कागद मला वाचता येत नाही, याची खंत आहे. पण त्या वृद्धाचा कागद मला नीट वाचता येत होता, आणि तरीही मी तो परत केला, ही खंत अधिक मोठी आहे.