गिरणीचा धोटा, रेल्वेचा पोर्टर आणि कॉम्प्युटरची कंपनी

परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर इकडची आपली पोरं इंजिनिअर होऊन पुण्याला हिंजवडीत जातात, तेव्हा घरच्यांना वाटते, आता सुटलो. काचेच्या इमारतीत जात कोण विचारणार? तिथे तर फक्त मेरिट चालते! आमचे म्हणणे आहे की हा समज इतिहासाला धरून नाही. या देशात नवे यंत्र जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तेव्हा जात त्याच्या मागोमाग कारखान्यात शिरली. पुरावा बाबासाहेबांच्याच चळवळीत आहे.

मुंबईच्या कापड गिरण्या ही त्या काळची सर्वात मोठी टेक्नॉलॉजी. यंत्र विलायती, भांडवल मोठे, कामगार हजारोंनी. पण विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे आणि महाराच्या थुंकीचा धागा सवर्ण विणकराला चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त होता. आपल्या लोकांच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. म्हणजे विटाळ केवळ मनात नव्हता, तो पगारपत्रकात होता.

1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे केला. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का यावे? कामगार पुढाऱ्यांनी नाखुशीने ती घेतली. आणि मालकांनी काय केले? हात वर केले. हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही, असे त्यांचे उत्तर. मित्रांनो, हे उत्तर लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरे उदाहरण आपल्या वाटेवरचे. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच भाषणातला तपशील कमी लोक वाचतात. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधे पोर्टरही करत नाहीत. का? पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि सवर्ण मास्तरच्या घरात विटाळ चालत नाही. इंजिन वाफेवर चालत होते, बढती मात्र जातीवर.

तुम्ही कामगारांत फूट पाडता, असा आरोप तेव्हाही झाला. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते: फूट जातीने आधीच पाडली आहे, एकी हवी असेल तर ती कारणे काढा. आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. फूट पाडणारा माणूस असे करतो काय?

आता आजच्या कंपनीत या. इथे धोटा नाही, थुंकी नाही. मग जात कुठे आहे? ती आडनावात आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. 2007 साली निष्कर्ष छापून आले. दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. त्याच वर्षीच्या सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांच्या अभ्यासात भरती करणारे अधिकारी आधी म्हणतात, आम्ही फक्त मेरिट बघतो. आणि लगेच सांगतात, उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतो. ज्याचा बाप ऊसतोडीला जातो, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

अमेरिकेतही सुटका नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या विभागाने सिस्को कंपनीवर खटला भरला. आयआयटीत शिकलेल्या दलित इंजिनिअरची जात आणि आरक्षण सहकाऱ्यांत उघड केले गेले, त्याने तक्रार केल्यावर त्याला बाजूला टाकले, असा आरोप होता. खटल्यातल्या कथनानुसार कंपनीच्या एचआरने सांगितले की जातिभेद बेकायदेशीरच नाही. आठवले ना गिरणी मालकांचे उत्तर? कंपनीने आरोप नाकारले, 2023 मध्ये दोन व्यवस्थापकांवरचे दावे विभागाने मागे घेतले, कंपनीविरुद्धचा खटला पुढे चालू राहिला. निकाल काहीही लागो, जात हा शब्द कोर्टाच्या कागदावर आला. 2022 मध्ये गुगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरचे व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले. ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. पण फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे विधेयक मात्र गव्हर्नरने नाकारले.

या शंभर वर्षांतून आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसते. 1928 ला मागणीच्या कागदावर 'विणकाम खाते' लिहिले गेले, म्हणून प्रश्न चव्हाट्यावर आला. जे कागदावर नसते, ते कंपनीसाठी अस्तित्वातच नसते. संविधानातले नोकरीतले आरक्षण सरकारी सेवेपुरते आहे, खाजगी कंपनीत ते नाही. म्हणून खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची लढाई चालू ठेवतानाच, प्रत्येक कंपनीच्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घालून घेण्याची मागणी आपण केली पाहिजे. आणि ती एकट्याने करता येत नाही. एकट्याला बढतीची भीती असते, गटाला नसते. बाबासाहेबांनी 'संघटित व्हा' हे फक्त गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगितले नव्हते, पगार घेणाऱ्यालाही सांगितले होते.

आडनाव लपवून मिळालेली शांतता भाड्याची असते. मनमाडचा गँगमन शिकलेला नव्हता, तरी परिषदेला आला. लॅपटॉपवाल्यांनी निदान तेवढे तरी करावे.

जयभीम!