रस्ता नेमका कधी वाहून गेला?

नोव्हेंबर २००६च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानात ३६ तासांत १७.९ इंच, म्हणजे साधारण ४५५ मिलिमीटर पाऊस पडला. पूल, मोऱ्या, पायवाटा, विजेच्या तारा, सगळ्याचं नुकसान झालं. नदीकाठचं एक कॅम्पिंगचं मैदान जवळजवळ पूर्णच नदीत गेलं. उद्यान सहा महिने बंद राहिलं आणि ५ मे २००७ला उघडलं. पण उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यातला कार्बन नदीचा रस्ता गाड्यांसाठी पुन्हा उघडलाच नाही. आज ती चालण्याची आणि सायकलची वाट आहे.

या रस्त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी एका वाक्यात संपते: "२००६च्या पुरात रस्ता वाहून गेला." वाक्य खोटं नाही. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने अशा वाक्यापाशी थांबायचं नसतं. त्याच पावसात त्याच उद्यानातला निस्क्वाली रस्ताही फुटला होता. तो सहा महिन्यांत दुरुस्त झाला. मग कार्बनचा का नाही? पूर हेच कारण असेल, तर एकाच पुराचे दोन वेगळे शेवट कसे? आजची पोस्ट या एका प्रश्नावर आहे. माझा स्वतःचा विषय नदीतला गाळ आहे, त्यामुळे मी गाळाच्या बाजूने सुरुवात करेन. पण उत्तर फक्त गाळात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रस्ता तिथे गेलाच कशाला?

माउंट रेनियर हा ४,३९२ मीटर उंचीचा, हिमनद्यांनी मढलेला जागृत ज्वालामुखी. १८९९ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला. त्याच्या उत्तर अंगाला कार्बन हिमनदी आहे. अलास्का सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर इतक्या कमी उंचीपर्यंत उतरलेली दुसरी हिमनदी नाही. तिच्या तोंडातून निघते ती कार्बन नदी. नावात कार्बन आहे ते परिसरातल्या कोळशामुळे. विल्कसन, कार्बोनाडो, फेअरफॅक्स ही खाली वसलेली गावं कोळशाच्या खाणींची. म्हणजे डोंगराच्या या बाजूला माणसं आधी पोटासाठी पोचली, फिरायला नंतर.

१९२१ मध्ये फेअरफॅक्सजवळ नदीच्या खोल घळीवर पोलादी पूल झाला. त्याच दशकात उद्यानाच्या आत, नदीच्या काठाकाठाने, इप्सट क्रीकपर्यंत साधारण आठ किलोमीटरचा रस्ता गेला. बेत मोठा होता. पश्चिमेकडून दुसरा रस्ता आणून डोंगराभोवती मोटारीने फिरता येईल असं काही करायचं होतं. ते झालं नाही. १९३०च्या दशकात काम थांबलं आणि दोन्ही टोकं एकमेकांना कधी भेटली नाहीत. कार्बनचा रस्ता मात्र राहिला. त्याच्या शेवटापासून हिमनदी बघायला जायचं म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ११ किलोमीटर चालायचं. मुलंबाळं घेऊनही एका दिवसात होण्यासारखं. डोंगराला वळसा घालणाऱ्या ९३ मैलांच्या वंडरलँड ट्रेललाही इथूनच वाट मिळायची.

आता काळाकडे लक्ष द्या. रस्ता दरीच्या तळातून, नदीला खेटून नेला, कारण तिथे चढ कमी, खोदाई कमी, खर्च कमी. तेव्हाच्या इंजिनिअरांना वेड लागलं नव्हतं. त्यांनी नदी तेव्हा जिथे होती तिथून अंतर राखून रस्ता आखला. फक्त ही नदी जागची हलणारी होती. आडवी तर हलतेच, पण उभीही हलते.

पात्र वर येतं म्हणजे काय?

आपल्याला नदी म्हटलं की एक पात्र, दोन काठ डोळ्यांसमोर येतात. हिमनदीतून निघालेली नदी तशी नसते. हिमनदी खडक घासत, फोडत खाली येते आणि मागे हटली की गोटे, वाळू, माती यांचे सैल ढीग सोडून जाते. पाऊस झाला की हा माल नदीत येतो. उतार जास्त आहे तोवर पाणी तो ओढून नेतं. दरी जरा सपाट झाली की पाण्याचा जोर कमी होतो आणि माल तिथेच बसतो. मग पाणी वाट शोधत वेणीच्या पेडांसारखं फुटतं, जुळतं, पुन्हा फुटतं. असं वर्षानुवर्षं चाललं की अख्खं पात्रच उंच होत जातं.

माउंट रेनियरच्या नद्यांच्या पात्रांची जुनी-नवी मोजमापं ताडून संशोधकांनी याचा वेग काढला. दर दहा वर्षांना साधारण सहा ते चौदा इंच. ऐकायला किरकोळ वाटतं. शंभर वर्षांचा हिशोब करा: पाच ते अकरा-बारा फूट. म्हणजे १९२०च्या दशकात नदीच्या वर असलेला रस्ता शतक संपेपर्यंत काही जागी नदीच्या पातळीला, काही जागी तिच्या खालीही आला. रस्ता जागचा हललेला नाही. नदी वर आली. निस्क्वाली नदीकाठच्या लाँगमायर या वस्तीचीही हीच गत आहे. तिथल्या इमारती आज नदीच्या पात्रापेक्षा खालच्या पातळीवर आहेत.

मग पूर काय करतो? तळाशी वाढत गेलेली तूट तो एका रात्रीत वसूल करतो. पाण्याला रस्ता हीच सर्वांत सोयीची, सरळ, झाडं नसलेली चारी मिळते आणि नदी रस्त्यावरूनच वाहू लागते. फेब्रुवारी १९९६च्या पुरातही कार्बनचा रस्ता उखडला होता. तेव्हा भराव टाकून, मोऱ्या बसवून तो पुन्हा सुरू केला गेला. पात्र अर्थातच थांबलं नाही. २००६ला पुढचा हप्ता आला.

मग निस्क्वालीचा रस्ता का दुरुस्त झाला?

गाळाचं शास्त्र इथे थांबतं. निस्क्वालीकाठीही गाळच आहे. किंबहुना त्या बाजूला १९४७ मध्ये कॉट्झ क्रीकमधून चिखलदगडांचा असा लोंढा आला होता, की रस्ता सुमारे २८ फूट खाली गाडला गेला. तो गाळावरून पुन्हा बांधला. २००६ मध्ये कॉट्झ क्रीकने प्रवाहच बदलला आणि भलत्या जागी रस्ता ओलांडला. तर तिथे नवी मोठी मोरी घातली. तो रस्ता मुख्य प्रवेशद्वारापासून पॅराडाइजला जातो, वर्षभर चालतो, डांबरी आहे, आणि सर्वाधिक पर्यटक त्याच बाजूने येतात. तो बंद ठेवणं म्हणजे उद्यानच बंद ठेवणं.

कार्बनचा रस्ता खडीचा आणि कमी वापराचा. पण दुर्लक्ष झालं म्हणून तो गेला, असंही नाही. १९९६ आणि २००६ या दोन पुरांपर्यंत रस्त्याभोवती कायद्याची आणि नियमांची एक भिंत उभी राहिली होती, तीही विटेविटेने. १९८८च्या कायद्याने उद्यानाचा ९७ टक्के भाग 'वाइल्डरनेस' ठरला. तिथे नवीन रस्ता करता येत नाही. रस्त्यासाठी ठेवला तो दोन्ही बाजूंचा अरुंद पट्टा. म्हणजे नदीपासून दूर, वरच्या उतारावर रस्ता सरकवायची वाट बंद. १९९७ मध्ये उद्यानातले जुने रस्ते आणि इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरल्या, त्यामुळे रस्त्याचं मूळ रूप सहज बदलता येईना. आसपासचं जुनं दाट अरण्य ठिपकेदार घुबड आणि मार्बल्ड मरलेट या संरक्षित पक्ष्यांचं घर. नदीतला बुल ट्राउट मासाही १९९९ मध्ये संरक्षित यादीत आला. त्यामुळे पात्रात बुलडोझर घालून गोटे उपसणंही सोपं राहिलं नाही.

यातला प्रत्येक नियम स्वतःच्या जागी बरोबर आहे. वारसा जपायलाच हवा, मासाही वाचायला हवा. पण सगळे मिळून असं झालं की रस्ता हलवता येईना, उंच करता येईना, आणि आहे तिथे ठेवला तर नदी पुन्हा नेणार. २०१०-११ मध्ये पर्यावरणीय मूल्यमापन करून उद्यानाने निर्णय घेतला: गाड्या प्रवेशद्वारापाशी थांबतील, पुढे पायवाट आणि सायकलवाट.

याची किंमत कोणी दिली ते आकड्यांत दिसतं. हिमनदी बघून यायला आधी ११ किलोमीटर चाल होती, आता २७. जाणत्या ट्रेकरला यात अडचण नाही. उलट गर्दी कमी झाली, शांतता वाढली, याचं कौतुकही झालं. पण गुडघे दुखणारे आजोबा, पाच वर्षांची मुलगी, व्हीलचेअरवरचा माणूस यांच्यासाठी ती हिमनदी नकाशावर तिथेच असूनही गेली. 'निसर्गाने परत घेतलं' हे वाक्य वापरताना या माणसांना त्यात कुठे बसवायचं, हे ठरवावं लागतं.

उलटी केस शोधायची सवय

एका केसवरून नियम काढायचा नसतो. म्हणून त्याच राज्यातली दुसरी केस बघू: सुअॅटल नदीचा रस्ता. तोही हिमनदीच्या नदीकाठी, ग्लेशियर पीक या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. २००३ आणि २००६च्या पुरांत तो तुटला. दुरुस्तीला विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं, नव्याने मूल्यमापन झालं. पण २०१४ मध्ये तो पुन्हा उघडला. फरक काय? तो राष्ट्रीय उद्यानात नाही, वनखात्याच्या जमिनीवर आहे, आणि फुटलेल्या जागी रस्ता नदीपासून आत सरकवता आला. जागा होती. कार्बनला सरकायला जागा नव्हती. दरीत असेलही, कायद्यात नव्हती.

म्हणजे माझ्या मते उत्तर असं: पाऊस हा निमित्त, पात्र वर येणं हे कारण, आणि रस्ता कायमचा बंद होणं हा माणसांचा निर्णय. तिघांचे काळ वेगळे आहेत. पहिला तासांत मोजायचा, दुसरा दशकांत, तिसरा कायद्यांच्या तारखांमध्ये. आपण एकच तारीख लिहिली की बाकी दोन गायब होतात.

हे उचलून सह्याद्रीत नेऊ नका

वाचताना तुमच्या मनात आंबेनळी आला असेल. २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. प्रतापगडाकडे जाणारा आंबेनळी घाटरस्ता खचला, ठिकठिकाणी दरडी आल्या, वाहतूक बंद पडली. बातमीतले शब्द तेच: रस्ता वाहून गेला. पण इथे हिमनदी नाही आणि दरीच्या तळातून वर येणारं पात्रही नाही. घाटरस्ता डोंगराच्या अंगावर असतो. वरच्या बाजूला कापलेला, खालच्या बाजूला भराव घातलेला. पाणी मुरलं की वरून दरड येते आणि खालून भराव सुटतो. इथे प्रश्न उताराचा, गटारांचा आणि मोऱ्यांचा. तुंबलेल्या एका मोरीचा इतिहास इथे नदीच्या पात्रापेक्षा जास्त सांगू शकतो.

म्हणून रेनियरमधून घ्यायचं ते उत्तर नाही, प्रश्न घ्यायचे. घाट पहिल्यांदा आखला तेव्हा ही आखणी का निवडली? आधी कुठे आणि किती वेळा फुटला? प्रत्येक वेळी काय बांधलं, आणि तेच पुढच्या वेळी पडलं का? तो सरकवायचा झाला तर जमीन कोणाची, वनखात्याची की गावाची? बंद असताना कोण किती लांबून फिरून गेलं? बांधकाम खात्याची अंदाजपत्रकं, निविदा, पावसाच्या नोंदी, आणि खालच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ही सगळी साधनं आहेत. शेवटचं साधन सगळ्यात लवकर संपतं, म्हणून तिथून सुरुवात करा.

कार्बनच्या गोष्टीला अलीकडे आणखी एक कलाटणी मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये १९२१चा तो फेअरफॅक्स पूल कायमचा बंद झाला. पोलाद गंजलं होतं. वजनाची मर्यादा आधीच कमी कमी करत आणली होती. सर्वसामान्यांसाठी दुसरा रस्ता नाही, त्यामुळे आता पायवाटेच्या सुरुवातीलाच गाडी पोचत नाही. यात पूर नाही, गाळ नाही, पाऊसही नाही. पुढे कोणी "कार्बन नदीकडे जायचा रस्ता पुरामुळे बंद झाला" असं लिहिलं, तर समासात एवढंच विचारा: कोणता रस्ता, कितव्यांदा, आणि तेव्हा दुरुस्तीचा खर्च कोणी नाकारला?