सरपणाचे भाडे

जपानात तोकुगावा घराण्याच्या अमदानीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, पायी प्रवास करणाऱ्या गरीब माणसासाठी 'किचिन-यादो' नावाची मुक्कामाची ठिकाणे असत. 'कि' म्हणजे लाकूड, 'चिन' म्हणजे मोल आणि 'यादो' म्हणजे पथिकांचा निवारा. प्रवाशाने आपला शिधा स्वतः आणावा, तो शिजविण्यापुरते सरपण तेथे विकत घ्यावे, आणि त्या सरपणाच्या मोलातच त्यास रात्रीपुरते छप्पर मिळावे, असा हा व्यवहार होता. तोकाइदो या राजमार्गावर ५३ टप्पे होते. तेथे सरदार उतरत त्यांचे वाडे वेगळे आणि दोन वेळचे जेवण देणाऱ्या खाणावळवजा सराया वेगळ्या. ज्यास यांपैकी काहीच परवडत नसे तो सरपणाच्या दारी जाई. आपल्याकडील धर्मशाळेत निदान दात्याचे नाव तरी भिंतीवर कोरलेले असे. येथे धर्मही नव्हता आणि पुरते भाडेही नव्हते. चुलीचे पैसे भरावयाचे आणि झोप ही वरकड मिळावयाची.

हा जुना व्यवहार आठवण्याचे कारण असे की, त्याच देशात गेल्या काही दशकांत झोप पुन्हा दुसऱ्याच एका वस्तूच्या आडून विकली जाऊ लागली. मधल्या काळात शहरे वाढली, पायवाटेवरचा पथिक कारखान्याचा मजूर झाला, आणि स्वस्त निवारे राजमार्ग सोडून शहरांच्या कडेला गोळा झाले. तोक्योतील सान्या ही अशीच वस्ती. तेथील मजुरांनी 'यादो' हा शब्द उलटा करून 'दोया' केला. ज्या जागेला निवारा म्हणवत नाही तिला सरळ नावाने तरी का हाक मारावी, असा त्यातला कडवट विनोद असल्याचे सांगतात. १९६६ मध्ये सान्या हे नाव अधिकृत नकाशांतून काढून टाकण्यात आले. वस्ती मात्र तेथेच राहिली.

याच सुमारास शहरी जपानात 'किस्सातेन', म्हणजे चहा-कॉफीची दुकाने, रुळलेली होती. पुढे त्यांतील काहींनी 'मांगा' या चित्रकथांची कपाटे मांडली आणि तासावर पैसे घेऊन वाचकांस बसू देण्यास आरंभ केला. १९९० नंतरच्या दशकात तेथे संगणक आले आणि दुकानांस इंटरनेट कॅफे हे नाव पडले. तोक्योतील शेवटची आगगाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते व पहिली पहाटे पाचच्या आसपास. ती चुकली की टॅक्सीचे भाडे एखाद्या कारकुनाच्या कित्येक दिवसांच्या जेवणास पुरेल इतके होते. तेव्हा हा कारकून, परीक्षेसाठी आलेला विद्यार्थी, हॉटेलचा खर्च वाचवू पाहणारा प्रवासी हे सारे या दुकानांत रात्र काढू लागले. दुकानदारांनीही रात्रीचे काही तास एकत्र बांधून 'नाइट पॅक' म्हणून विकावयास काढले. दीड-दोन हजार येनांत फळ्यांनी आखलेली एक खोपटी, मागे रेलणारी खुर्ची किंवा जमिनीवर गादीसारखे अस्तर, चहा-कॉफी हवी तितकी, आणि पुष्कळ ठिकाणी अंघोळीची सोयही. फळ्या बहुधा छतापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याचे घोरणे फुकट ऐकावयास मिळते.

यात कायद्याची एक गंमत आहे. जपानच्या १९४८ च्या पथिकगृहविषयक कायद्यात मुक्कामाची व्याख्याच अंथरूण-पांघरूण वापरून जागेचा उपयोग करणे अशी आहे. कॅफेचा मालक अंथरूण मांडत नाही, फार तर गुडघ्यांवर घेण्यापुरती शाल देतो. तेव्हा तेथे कोणी मुक्काम करीत नाही, केवळ संगणकापुढे डोळे मिटून बसतो! पूर्वी सरपणाच्या नावावर छप्पर मिळे, आता संगणकाच्या नावावर.

एका रात्रीची ही सोय काहींचे बिऱ्हाड केव्हा झाली, हे ठरविणे कठीण नाही. ठेकेदारामार्फत मजूर पुरविण्यास परवानगी देणारा कायदा १९८५ मध्ये झाला, १९९९ मध्ये तो बहुतेक धंद्यांस मोकळा करण्यात आला आणि २००४ मध्ये कारखान्यांसही. काम उद्या मिळेल की नाही हे आज रात्री दूरध्वनीवर कळावयाचे, अशी माणसांची एक फळी उभी राहिली. २००७ च्या आरंभी दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने या लोकांस 'नेट कॅफे नानमिन' हे नाव दिले. नानमिन म्हणजे निर्वासित. आपल्या गिऱ्हाइकांस असे म्हणणे अपमानकारक आहे, अशी हरकत कॅफेचालकांच्या संघटनेने घेतली. ती अगदीच चुकीची नव्हती. त्याच वर्षी सरकारी पाहणीत अशा माणसांची संख्या देशभरात सुमारे ५,४०० असल्याचा अंदाज निघाला. त्यांत विशीतल्या तरुणांच्या खालोखाल पन्नाशीतली माणसे होती, हे पुष्कळांस अनपेक्षित वाटले.

रोज दोन हजार येन म्हणजे महिन्याचे साठ हजार. एवढ्यात साधी खोली भाड्याने का घेत नाहीत, असे विचारणे सोपे आहे. पण जपानात खोली घेताना अनामत द्यावी लागते, घरमालकास परत न मिळणारी नजराण्याची रक्कम द्यावी लागते आणि जामीनही आणावा लागतो. दररोज दोन हजार मिळविणाऱ्यास एकदम दोन-तीन लाख कोठून आणावयाचे? पत्ता नाही म्हणून चांगली नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून पत्ता नाही.

१ ऑक्टोबर २००८ च्या पहाटे ओसाकातील नांबा भागात एका दुकानास आग लागली. लहान लहान खोल्यांत चित्रफिती पाहावयास देणारे ते दुकान होते, आणि तेथेही लोक रात्र काढीत. १६ माणसे दगावली. निजण्यासाठी नसलेल्या जागेत निजण्याची किंमत त्या पहाटे उघड झाली. तोक्यो प्रशासनाने त्याच वर्षी अशा बेघर कामकऱ्यांसाठी सल्ला व साह्य देणारे केंद्र उघडले होते. तरीही २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच प्रशासनाच्या पाहणीत, एकट्या तोक्योत दररात्री सुमारे ४,००० बेघर माणसे या दुकानांत असल्याचे आढळले.

एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे तोक्योतील कॅफेंना दारे बंद ठेवण्याची विनंती झाली. कायद्याच्या लेखी तेथे कोणी मुक्कामास नव्हते. तरीही दारे बंद होताच प्रशासनास या माणसांसाठी हॉटेलांतील खोल्या मिळवाव्या लागल्या. त्या खोल्यांत अंथरूण होते.