चंद्रावरील सरंजाम

पुण्याहून लोणावळ्याकडे जातांना वाटेंत तळेगांव लागतें, तें सेनापति दाभाड्यांचें. आज बोलावयाचें आहे चंद्राच्या मालकीविषयीं. त्यासाठीं आरंभ तळेगांवापासून कां, हें पुढें ध्यानांत येईल.

शाहूमहाराजांनीं १७१७ सालीं खंडेराव दाभाडे यांस सेनापतिपद दिलें. त्या काळीं सरंजाम म्हणजे भूमीचें स्वामित्व नव्हे. सरदारानें फौज बाळगून चाकरी करावी आणि नेमून दिलेल्या मुलखाचा वसूल घ्यावा. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क निराळा. चौथाई तर याहूनहि विलक्षण: मुलूख दुसऱ्याचा, वसुलाचा चौथा हिस्सा आपला! गुजराथच्या चौथाईवरूनच तंटा विकोपास गेला आणि १७३१ सालीं डभईच्या रणांत बाजीरावाशीं लढतांना खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव पडले. भांडण भूमीचें नव्हतें, फळाचें होतें.

चंद्राचेंहि तसेंच झालें आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानें कोणत्याहि राष्ट्रास चंद्र आपला म्हणण्याची मनाई केली. पण तेथून खणून काढलेला दगड कोणाचा? याविषयीं करार स्पष्ट बोलत नाहीं. १९९३ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत रशियन यानानें आणलेले चंद्रधूलीचे कण ४,४२,५०० डॉलरांस विकले गेले. २०१५ सालीं अमेरिकेनें व २०१७ सालीं लक्झेंबर्गनें कायदे करून खासगी कंपन्यांस अशा मालाचा हक्क दिला. ही संपत्ति सर्व मानवजातीचा सामायिक वारसा मानावी, असा १९७९ चा करार आहे. भारतानें त्यावर १९८२ सालीं सही केली, पण तो अद्यापि मंजूर केलेला नाहीं. उलट २०२३ च्या आपल्या अंतराळ धोरणांत खासगी उद्योगांस असा माल बाळगण्याची व विकण्याची मुभा आहे.

म्हणजे भूमि कोणाचीच नाहीं, उत्पन्न मात्र काढणाऱ्याचें. हा सरंजामच झाला, पण अर्धाच. सरंजामास देणारा धनी होता, बदल्यांत चाकरी होती, हिशेब होता. चंद्रावर सनद देणारा छत्रपति कोण, आणि चाकरी कोणाची? दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ सांपडण्याजोग्या जागा मोजक्याच आहेत. प्रथम पोंचेल त्यानें त्या व्यापल्या, तर मागाहून येणाऱ्याच्या पदरीं काय पडेल?

डभईस दोन्ही बाजूंस मराठेच होते. वांटणीचा नियम आधीं ठरला नाहीं, तर भाऊबंदांतहि तरवार उपसली जाते. नियम वेळेवर करावा, एवढेंच तळेगांव आपणांस सांगतें.