ठोक्याचे निदान : ग्रामीण वाहनदुरुस्तीच्या ज्ञानपरंपरेचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : ढाणकी व पैनगंगा परिसर)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील मोटार वाहतुकीचा इतिहास प्रामुख्याने कारखाने, महामंडळे आणि रस्ते यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वाहन बिघडल्यानंतर ते दुरुस्त करणाऱ्या कारागिराला या इतिहासात जवळजवळ स्थान नाही. वस्तुतः एखादे वाहन ग्रामीण भागात वीस-पंचवीस वर्षे चालते, ते त्याच्या निर्मात्याइतकेच या कारागिरामुळे. त्याच्या ज्ञानाचा एक मर्यादित पण महत्त्वाचा भाग म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंत गती नेणाऱ्या यंत्रणेतील ठोक्याचे आवाजावरून निदान करणे. प्रस्तुत लेखात या ज्ञानाचे स्वरूप यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातील ढाणकी व पैनगंगा परिसराच्या पार्श्वभूमीवर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

नदीच्या दोन काठांवरील वाहतूक :

पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाड आणि दक्षिणेस निजामाचे हैदराबाद संस्थान, अशी या प्रदेशाची विभागणी दीर्घकाळ होती. हैदराबाद संस्थानात 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने 27 वाहनांनिशी प्रवासी सेवा सुरू केली. मुंबई राज्यात 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ व मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर 1961 मध्ये राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा मोठ्या होत्या. परंतु त्या महामंडळाच्या गाड्यांसाठी होत्या. खासगी जीप, टेम्पो किंवा मेटाडोर बिघडल्यास गावातील गॅरेजशिवाय दुसरा आधार नव्हता. काळ्या जमिनीतील कच्चे रस्ते, पावसाळ्यातील चिखल आणि नदी-नाल्यांचे पाणी यांमुळे सांध्यांतील ग्रीस धुऊन जाई व झीज लवकर होई. ऐन कापसाच्या हंगामात गाडी आठवडाभर उभी राहणे मालकाला परवडणारे नव्हते, आणि रुग्णाला घेऊन निघालेल्या गाडीच्या बाबतीत तर प्रश्न केवळ पैशाचा नव्हता.

या गाड्यांत मेटाडोरचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बजाज टेम्पो कंपनीने मूळ जर्मन बनावटीची ही व्हॅन 1969 पासून भारतात तयार केली. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, वऱ्हाडाची गाडी अशी तिची अनेक रूपे होती. माहूरसारख्या तीर्थक्षेत्रास निघालेली कुटुंबे स्टोव्ह, पीठ-मीठ व अंथरुणे घेऊन अशा गाडीने जात आणि रात्री तिच्यातच झोपत. पाश्चात्त्य देशांतील मुक्कामाच्या व्हॅनला आपल्याकडे जवळचे काही असेल तर ते हेच. मेटाडोरमध्ये गती पुढील चाकांना मिळे. मागच्या आसापर्यंत जाणारा लांब शाफ्ट नसल्यामुळे तिचा तळ ठेंगणा ठेवता आला. जीपची बांधणी याहून वेगळी. साहजिकच दोन्ही गाड्यांचे ठोकेही वेगळे.

‘क्रॉस’ची पूर्वपीठिका :

गॅरेजमध्ये ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो अधिकच्या चिन्हासारखा सांधा अलीकडचा नाही. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांची नावे त्याच्याशी जोडली जातात. मोटारीसाठी त्याचे बंदिस्त रूप अमेरिकेत क्लॅरन्स स्पायसर याने आणले व 1903 मध्ये त्याचे पेटंट घेतले. या सांध्यात एक अंगभूत दोष आहे. शाफ्ट कोनात फिरू लागला की प्रत्येक फेऱ्यात त्याची गती दोनदा वाढते व दोनदा घटते. हा दोष घालवण्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस बसवतात आणि शाफ्टवरील दोन्ही काटे एकाच पातळीत ठेवतात. काम करताना शाफ्टचे दोन भाग वेगळे करून खाचेत एक-दोन दाते चुकवून जोडले, तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते. म्हणून जाणता कारागीर शाफ्ट उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करतो. त्याने हुकचे नाव ऐकलेले नसते. पण हुकच्या सांध्याचे गणित त्या खुणेत असते.

आवाजाची परिभाषा :

दुरुस्तीच्या पुस्तिका इंग्रजीत, तर शिकणारा पोऱ्या मराठी, हिंदी वा दखनी बोलणारा. या परिस्थितीत मराठीतील ध्वन्यनुकारी शब्दांनी परिभाषेचे काम केले. ‘आवाज येतो’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला उस्ताद प्रथम विचारतो : कसा? गिअर टाकून क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना एकदाच ‘खट’ होत असेल, तर कोठे तरी ढिलाई आहे. सुरुवातीला ‘चीं चीं’ व पुढे ‘खडखड’ असेल, तर क्रॉसमधील ग्रीस संपून सुया झिजल्या आहेत. वळणावरची ‘कटकट’ पुढील चाकाच्या बाहेरच्या सांध्याकडे बोट दाखवते. ओढ असताना येणारी व पाय काढताच बदलणारी ‘घूं’ डिफरन्शियलची. खड्ड्यात ‘धाड’ वाजले, तर बहुधा पाट्यांचे बुश किंवा शॅकल. त्याचा गती नेणाऱ्या यंत्रणेशी संबंध नाही.

आवाज ओळखण्याबरोबरच तो मोजलाही जाई, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जुन्या विलिस सीजे-3बी जीपमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे 5.38 फेरे होत. चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर धरल्यास ताशी 20 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला अडीच फेरे घेते, शाफ्ट तेरा-चौदा. अडीच ठोके कानाला मोजता येतात. तेरा-चौदा ठोके एकमेकांत मिसळून खडखडाट होतो. म्हणून मोजता येणारा ठोका चाकाकडचा आणि सलग खडखड शाफ्टची, हा गॅरेजमधील ठोकताळा केवळ अनुभवाचा नसून हिशेबाचाही आहे.

यानंतर संशयित भाग एकेक करून वगळले जात. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रल ठेवायचा आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळायचा. क्रॉसच्या दोन काट्यांत हालचाल दिसली तर दोष तेथेच. क्रॉस घट्ट असून शाफ्ट पुष्कळ फिरत असेल, तर क्राउन-पिनियनमधील अंतर तपासायचे. थोडी हालचाल मात्र तेथे असावीच लागते. डिफरन्शियलचे तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा आहे का हे चुंबकाने पाहायचे. मेटाडोरसारख्या गाडीसाठी मोकळे मैदान लागे. स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही दिशांना सावकाश गोल फिरवले की कटकटणारी बाजू कळे. हँडब्रेक ओढून क्लच अर्धवट सोडताच इंजिन उचलले जाऊन ‘ठक’ वाजले, तर माउंटिंगचे रबर गेले. ही शेवटची परीक्षा सर्वांत स्वस्त, आणि तीच वगळून गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च मालकांवर अनेकदा पडला.

दुरुस्तीचे काम त्या मानाने थोडे. सर्क्लिप काढून वाट्या ठोकून बाहेर घ्यायच्या, नव्या वाटीतील सुया ग्रीसने चिकटवून एकही आडवी पडू न देता बसवायच्या. बसवल्यावर क्रॉस अडकता कामा नये, आणि वाजताही कामा नये. काट्याचे भोकच मोठे झाले असेल तर आतून पंचाचे ठिपके मारून वाटी आवळली जाई. हा उपाय पुसदपर्यंत पोहोचण्यापुरता आहे, हे तो करणाऱ्याला ठाऊक असे. अशा कामांना सरसकट ‘जुगाड’ म्हणण्याची अलीकडची रीत त्यामुळे अन्यायकारक वाटते. तात्पुरता उपाय आणि पक्के काम यांतील भेद सांगणे हाच तर कारागिराच्या पतीचा पाया होता.

लेखी नोंदींचा अभाव :

1950 मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेने आणि 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या व्यवसायाला प्रमाणपत्र दिले. भागांची नावे व मापे अभ्यासक्रमात आली, परंतु आवाजाची ही परिभाषा त्याबाहेर राहिली. तिचे शिक्षण गाडीखाली, लांब पेचकसाचे टोक हाउसिंगवर व मूठ कानाच्या हाडावर टेकवून होत असे. मेटाडोरचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले, तर बजाज टेम्पो कंपनीचे नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले. एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-6 मानके लागू आहेत आणि इंजिनातील बहुतेक बिघाड संगणक सांकेतिक क्रमांकाने सांगतो. क्रॉसवर मात्र अशा गाड्यांतही सहसा सेन्सर नसतो. तो वाजू लागला की गाडी पुन्हा मोकळ्या मैदानात न्यावी लागते, आणि खिडकीची काच खाली करून कोणाला तरी ऐकत बसावे लागते.